मंगलाष्टकांनंतरचा ताशा आणि १२८ केबीपीएस

लग्नामुंजीच्या जुन्या कॅसेटी डिजिटल करायला बसलेला माणूस चित्राबद्दल शंभर प्रश्न विचारतो. रिझोल्यूशन किती ठेवू, एच.२६४ घेऊ की एच.२६५, डीइंटरलेस करू की नको? आवाजाच्या रकान्यात मात्र सॉफ्टवेअरने आधीच भरून ठेवलेला आकडा तसाच राहतो. तो बहुधा एएसी (आवाज दाबण्याची एक पद्धत), १२८ किंवा १६० केबीपीएस (सेकंदाला तेवढे हजार बिट) असतो. कुणी हटकलंच तर उत्तर तयार असतं: जागा वाचते.

किती वाचते ते पाहू. व्हिडिओतला न दाबलेला आवाज, म्हणजे पीसीएम, सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा असतो; नमुना म्हणजे त्या क्षणीच्या आवाजाचं एक माप. प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि चॅनल दोन. गुणाकार केला की १,५३६ केबीपीएस होतात, म्हणजे तासाला ६९१ एमबी. हाच आवाज १२८ केबीपीएसला दाबला तर तासाला ५८ एमबी लागतात आणि २५६ ला ११५. तेवढ्याच वेळाचं चित्र ५ एमबीपीएसने (सेकंदाला ५० लाख बिट) साठवलं तर सव्वादोन जीबी होतं. १२८ ऐवजी २५६ घेतल्याने अख्खी फाइल जेमतेम अडीच टक्क्यांनी फुगते. एवढ्यासाठी कंजुषी करण्यात अर्थ नाही. आणि ती केली की नेमकं काय बिघडतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

एमपी३, एसी-३, एएसी, ओपस या आवाज दाबण्याच्या सगळ्या पद्धती कानाच्या एका मर्यादेवर जगतात. १,००० हर्ट्झचा मोठा सूर चालू असताना त्याच्या जवळचा, समजा १,१०० हर्ट्झचा, हळू सूर ऐकूच येत नाही. मोठा सूर त्याला झाकून टाकतो. खालचा सूर वरच्याला जास्त झाकतो, वरचा खालच्याला कमी. कानाच्या आतल्या शंखाकृती नळीत जवळजवळच्या कंपनसंख्या एकाच पट्ट्यात मोजल्या जातात, त्याचा हा परिणाम. ५०० हर्ट्झच्या खाली हे पट्टे साधारण १०० हर्ट्झ रुंद असतात, वर गेल्यावर मधल्या कंपनसंख्येच्या पाचव्या हिश्शाइतके. एन्कोडर, म्हणजे आवाज दाबणारा प्रोग्राम, प्रत्येक पट्ट्यात किती गोंगाट झाकला जाईल याचा अंदाज बांधतो आणि तेवढा गोंगाट बेधडक मिसळू देतो. एक बिट कमी केला की गोंगाट सुमारे ६ डेसिबलने वाढतो. सगळी बचत तिथून येते.

आता गंमत वेळेची. हे पट्टे वेगळे काढायचे तर एन्कोडरला आवाजाचा एक तुकडा हातात घ्यावा लागतो. एएसीमध्ये हा तुकडा, म्हणजे खिडकी, २,०४८ नमुन्यांची असते. ४८ किलोहर्ट्झला ती ४२.७ मिलिसेकंद होते. शेजारच्या खिडक्या एकमेकींवर निम्म्या चढलेल्या असतात, म्हणून प्रत्येक खिडकीतून १,०२४ आकडे निघतात. त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे एका लहरीची उंची, आणि ती लहर खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली असते. बिट वाचवण्यासाठी एन्कोडर ही उंची जवळच्या ठरावीक पायरीवर बसवतो. उंची किंचित चुकली की ती लहर खिडकीभर चुकते. परिणामी चुकीचा गोंगाट एका क्षणापुरता राहत नाही, ४२ मिलिसेकंदांवर सारखा पसरतो.

सनई किंवा बोलणं चालू असेल तर त्याने काही बिघडत नाही. पण ‘शुभ मंगल सावधान’ म्हणून भटजी थांबले, क्षणभर शांतता, आणि ताशावर पहिली काठी पडली असं समजा. ही काठी खिडकीच्या तिसाव्या मिलिसेकंदाला पडली, तर तिच्यामुळे आलेला गोंगाट आधीच्या तीस मिलिसेकंदांच्या शांततेतही सांडतो. मोठ्या आवाजानंतरचा गोंगाट कान १०० मिलिसेकंद किंवा त्याहूनही जास्त वेळ माफ करतो. आवाजाच्या आधीचा गोंगाट मात्र जेमतेम काही मिलिसेकंद झाकला जातो. म्हणून ठोक्याच्या आधी बारीकसं ‘फस्’ ऐकू येतं आणि ठोक्याची धार बोथट होते. याला प्री-एको म्हणतात.

एन्कोडरकडे त्यावर उपाय आहे. ठोका येतोय असं दिसलं की तो लांब खिडकी सोडून २५६ नमुन्यांच्या आठ आखूड खिडक्या लावतो, प्रत्येकी ५.३ मिलिसेकंदांची. गोंगाट तेवढ्यातच कोंडला जातो. किंमत अशी की दोन शेजारच्या आकड्यांमधलं अंतर २३.४ हर्ट्झवरून १८७.५ हर्ट्झवर जातं. सूर बारकाईने वेगळे करता येत नाहीत, झाकण्याचा हिशोब ढोबळ होतो आणि तेवढ्याच दर्जाला जास्त बिट लागतात. एखाद-दुसरा ठोका असेल तर शिल्लक बिटांतून भागतं. भजनात टाळ सतत वाजतात तेव्हा भागत नाही: प्रत्येक मात्रेला धारदार सुरुवात, वर कित्येक किलोहर्ट्झपर्यंत रेंगाळणारा किणकिणाट. टाळ्यांच्या कडकडाटाचंही तसंच. १२८ ला हे सगळं पाण्याखालून आल्यासारखं वाटू लागतं. बोलणं स्वच्छ आहे एवढ्यावर आवाज पास करू नका. तपासायचाच तर टाळ, ताशा आणि टाळ्या ऐका, तेही इयरफोन लावून.

एकदा दाबलेला आवाज दुसऱ्यांदा दाबला की दुसरा एन्कोडर पहिल्याच्या गोंगाटालाही खरा आवाज समजतो, आणि त्याच्या खिडक्या वेगळ्या ठिकाणी सुरू होतात. चूक चुकीवर चढते. १२८ ची फाइल ३२० ला ‘अपग्रेड’ करून काही परत मिळत नाही, फक्त फाइल मोठी होते. ४३२ हर्ट्झच्या ‘आरोग्यदायी’ आवाजाच्या नादी लागणारेही असतात. वाद्यं जुळवण्याच्या नेहमीच्या ४४० चं ४३२ करायला बहुतेक जण आवाज सरळ मंद करतात. त्याने एका तासाचा आवाज ६६ सेकंदांहून जास्त लांबतो. वरमाला पडून लोक पंगतीला बसले तरी मंगलाष्टकं चालूच. आरोग्याचा पुरावा शून्य.

म्हणून आधी मूळ काय आहे ते बघा. डीव्हीडी असेल तर आत बहुधा एसी-३ सापडतो, कधी एमपी२ किंवा पीसीएम. पहिले दोन आधीच दाबलेले आहेत, ते तसेच उचला: हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये ‘पास-थ्रू’, एफएफएमपेगमध्ये ऑडिओ कोडेकच्या जागी ‘कॉपी’. मिनीडीव्ही टेपवर आवाज पीसीएमच असतो, १६ बिट ४८ किलोहर्ट्झ किंवा १२ बिट ३२ किलोहर्ट्झ. तो आणि व्हीएचएसवरून घेतलेला आवाज मूळ प्रतीसाठी फ्लॅकमध्ये ठेवा. फ्लॅक काहीच फेकत नाही. पुढचा नमुना काय असेल याचा मागच्या नमुन्यांवरून अंदाज करतो आणि फक्त अंदाजातली चूक लिहून ठेवतो. आकार बहुधा निम्म्याच्या आसपास येतो. कॅसेटची खरखर मात्र अंदाजात बसत नाही, त्यामुळे जुन्या व्हीएचएसवर बचत कमी दिसली तर घाबरू नका. साध्या व्हीएचएसचा कडेचा ट्रॅक मोनो असतो आणि १० किलोहर्ट्झच्या आसपास संपतो. कॅप्चर करताना तो दोन्ही चॅनलांत आला असेल तर एकच ठेवा. दोन्हींतली खरखर किंचित वेगळी असते आणि फ्लॅक तीही इमानदारीने साठवत बसतो. अशा टेपला २४ बिट ९६ किलोहर्ट्झ लावणं म्हणजे खरखरीचंच जतन.

फ्लॅक फाइलच्या सुरुवातीला मूळ आवाजाची एमडी५ खूण, म्हणजे त्याच्या सगळ्या बिटांवरून काढलेला एक आकडा, असते. चार वर्षांनी हार्डडिस्क बदलताना फाइल तपासली की एक बिट जरी हलला असेल तरी कळतं. शिवाय आवाजाच्या प्रत्येक तुकड्याची, म्हणजे फ्रेमची, वेगळी तपासणी-संख्या असते. नेहमीच्या ४,०९६ नमुन्यांच्या फ्रेममध्ये बिघाड झाला तर ८५ मिलिसेकंद जातात, बाकी आवाज वाचतो.

पाहण्याच्या, नातेवाइकांना पाठवण्याच्या प्रतीला एमपी४ साच्यात (चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारी फाइल) एएसी-एलसी, म्हणजे साधा एएसी, स्टिरिओला १९२ ते २५६ केबीपीएस. एचई-एएसी टाळा. तो वरच्या कंपनसंख्या साठवतच नाही, खालच्यांवरून रचतो, आणि टाळांचा किणकिणाट नेमका तिथेच असतो. ओपस १२८ ते १६० ला सुरेख वाजतो, पण बऱ्याच टीव्हींना तो ओळखता येत नाही. एमपी४ मधल्या फ्लॅकचंही तेच, म्हणून मूळ प्रत एमकेव्ही साच्यात ठेवावी. एव्हीआयमध्ये व्हीबीआर एमपी३ घालू नका. त्या साच्याला बदलता बिटरेट मुळात पेलत नाही आणि ओठ-आवाज सुटतात.

ओठ-आवाज सुटण्याचं आणखी एक कारण कॅप्चरच्या वेळचं. चित्राचं कार्ड आणि आवाजाचं कार्ड वेगळं असेल तर दोघांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखांत ५० चा फरक असला तरी तासाभरात ०.१८ सेकंद होतो. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला खटकू लागतो, मागे राहिला तर १२५ पर्यंत चालून जातो. म्हणून सुरुवात बघून समाधान मानू नका, शेवटची पाच मिनिटं लावा. फरक सारखा वाढत गेलेला दिसला तर दाबण्याआधी, पीसीएम असतानाच, आवाज तेवढ्या प्रमाणात ताणून किंवा आखडून घ्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच मापाने मागे-पुढे असेल तर फक्त सरकवायचा, ताणायचा नाही.