शांतीचं अभिवादन अर्पणाआधी की अर्पणानंतर?

ख्रिस्ती उपासनेत शेजारच्याला ‘तुम्हांला शांती असो’ म्हणण्याची जागा कोणती, वेदीवर भाकर व द्राक्षारस अर्पण करण्याआधी की नंतर, हा वाद वरवर पाहता विधीच्या क्रमाचा वाटतो. मुळात तो आपल्या रोजच्या नात्यांचा आहे. ज्या भावाशी बोलणं टाकलं आहे त्याच्याशी आधी समेट करून मग वेदीपुढे यायचं, की वेदीपाशी मिळालेली शांती घेऊन त्याच्या दारात जायचं?

नव्या करारातल्या पत्रांत एकमेकांना चुंबनाने सलाम करा, असं पाच ठिकाणी सांगितलं आहे. सुमारे १५० साली रोममध्ये हे चुंबन प्रार्थना संपल्यावर आणि भाकर व प्याला पुढे आणण्याआधी होत असे. पूर्वेकडच्या मंडळ्यांत शांती आजही अर्पणाच्या मोठ्या प्रार्थनेआधीच दिली जाते. तिसऱ्या शतकातल्या सिरियात तर डीकन, म्हणजे बिशपाचा मदतनीस, मोठ्याने विचारायचा, कुणाच्या मनात कुणाविरुद्ध काही आहे का? शिवाय बिशपांना सूचना होती की मंडळीतले तंटे सोमवारी ऐकावेत. निकाल कुणाला पटला नाही, तर समजूत काढायला रविवारपर्यंतचा वेळ हाताशी राहावा, एवढाच त्यामागचा हेतू. प्रीतीच्या आज्ञेसाठी इतकी व्यवहारी सोय नंतर क्वचितच कुणी केली असेल.

४१६ साली रोमच्या पोपने वेगळी बाजू घेतली. शांती द्यायची ती पवित्र विधी पुरे झाल्यावर, लोकांची संमती म्हणून, असं एका इटालियन गावच्या बिशपाला कळवण्यात आलं. मध्ययुगात चुंबनाच्या जागी एक कोरीव पाटी आली. ती एकाकडून दुसऱ्याकडे जायची आणि प्रत्येक जण तिचं चुंबन घ्यायचा. मग पहिला मान कुणाचा यावरून रुसवेफुगवे सुरू झाले. १५२२ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात एका मानकऱ्याने चुंबन घेतलेली पाटी ती पुढे करणाऱ्या सेवकाच्याच डोक्यात फोडली.

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत इंग्लंडमधून ही पाटी गेली. समेटाची अट मात्र तिथल्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात राहिली आणि १६६२ च्या आवृत्तीतही ती वाचायला मिळते. ज्यांच्यात वैर आहे त्यांना समेट होईपर्यंत प्रभुभोजन देऊ नये, असा तो नियम. त्यातलं पुढचं कलम मला फार मोलाचं वाटतं. एकाने मनापासून क्षमा केली, आपल्याकडून झालेल्या चुकांची भरपाईही करायची तयारी दाखवली आणि दुसरा हटून बसला, तर पहिल्याला भोजनाला येऊ द्यावं. दोघांनी हात पुढे केल्याशिवाय समेट होत नाही, पण दुसऱ्याच्या हट्टाची शिक्षा पहिल्याला नको, हे तिथे स्पष्ट लिहून ठेवलं आहे. सासू-सुना, भाऊ-भाऊ, नवरा-बायको यांच्यातल्या अबोल्यात पाळकांपुढे येणारा प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो.

सर्व लोकांनी एकमेकांना शांती देण्याची प्रथा विसाव्या शतकात परत आली, आणि तिची एक वाट आपल्याकडून गेली. १९४७ मध्ये दक्षिण भारतात अनेक पंथ एकत्र येऊन जी मंडळी झाली, तिने १९५० च्या उपासनाक्रमात केरळच्या सिरियन परंपरेतून हे अभिवादन घेतलं. तळहाताला तळहात लावायचा आणि डाव्या हाताने समोरच्याचा उजवा हात झाकायचा. इतर देशांतल्या उपासनाक्रमांवर त्याचा प्रभाव पडला. १९६९ नंतरच्या रोमन मिस्सातही, म्हणजे कॅथलिक उपासनेतही, लोकांमधलं अभिवादन आलं, पण अर्पणानंतर, ख्रिस्तप्रसाद (प्रभुभोजन) घेण्याच्या अगदी आधी.

खरा वाद इथून पुढचा. ऐन ख्रिस्तप्रसादाच्या तोंडावर लोक जागा सोडून फिरू लागले, गलका होऊ लागला. २००५ च्या कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेत याची चर्चा झाली. २००७ मध्ये, हे अभिवादन अर्पणाआधी हलवता येईल का ते तपासा, असं खुद्द पोपकडूनच सांगण्यात आलं. उत्तर रोमच्या २०१४ च्या पत्रात आलं: जागा तीच राहील. शांतीसाठी वेगळं गीत नको, जागा सोडून जाणं नको, धर्मगुरूने वेदी सोडू नये, आणि सण-लग्नाच्या शुभेच्छा किंवा सांत्वनही या वेळी नको. कारण असं दिलं की रोमन परंपरेत ही शांती वेदीवर उपस्थित असलेल्या पुनरुत्थित प्रभूकडून येते. दान वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, ही मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली आज्ञा इतर परंपरांचा आधार आहे.

या कारणात तथ्य आहे. छळ करणाऱ्या नवऱ्यापासून दूर राहणाऱ्या बाईला, किंवा ज्याचा भाऊ समेटाआधीच वारला त्याला, ‘आधी जाऊन ये’ कसं म्हणणार? अशांना विनाअट मिळणारी शांतीच हवी. तरीही मला हा निर्णय अपुरा वाटतो. ज्यांचं भांडण दोन घरं पलीकडे आहे आणि जायला पायही धड आहेत, अशा आपल्यासारख्या बहुतेकांना मत्तयाची अट टोचायला हवी. मिलानच्या मिस्सात शांती आजही अर्पणाआधीच दिली जाते, तेव्हा पाश्चात्त्य परंपरेला ही जागा अगदीच परकी नाही.

२०२० च्या साथीत अनेक ठिकाणी हातात हात देणं थांबलं. काही मंडळ्यांत नंतरही नुसती मान लववण्यावरच भागवतात. कृती कोणती असावी यावर तेव्हापासून बरंच बोललं गेलं. सिरियातल्या त्या सोमवारच्या बैठकीसारखं काही पुन्हा सुरू करावं का, हे मात्र फारसं कुणी विचारलेलं नाही.