कार्बुरेटर समकालन
कार्बुरेटर समकालन : दोन सिलिंडरांच्या मोटारसायकलीत प्रत्येक सिलिंडराला स्वतंत्र कार्बुरेटर (हवा व पेट्रोल मिसळून देणारे साधन) असेल, तर दोन्हींचे थ्रॉटल (हवेची वाट कमी-जास्त उघडणारी झडप) एकाच क्षणी व सारखेच उघडावे यासाठी केलेली जुळणी. कारागीर याला सिंक करणे म्हणतात. ही जुळणी हवेची आहे. हवा व पेट्रोल यांचे प्रमाण ठरवणे, म्हणजे एअर स्क्रूची जुळणी किंवा जेटची (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राची) निवड, हे वेगळे काम होय.

आयडलिंगला (थ्रॉटल न देता इंजिन संथ चालते तेव्हा) थ्रॉटलखालची फट जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी असते. त्यामुळे दोन स्लाइडांच्या (थ्रॉटलच्या वर-खाली सरकणाऱ्या झडपांच्या) उंचीत दशांश मिमी.चा फरक पडला तरी एका सिलिंडराला लक्षणीय जास्त हवा मिळते. तो सिलिंडर काम करतो आणि दुसरा ओढला जातो. हँडलला थरथर जाणवते, थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाची गती रेंगाळत उतरते, एक सायलेन्सर दुसऱ्याहून जास्त तापतो. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर हाच फरक नगण्य ठरतो. म्हणून समकालनाचा खरा लाभ संथ व मध्यम गतीत दिसतो. कमाल वेग वाढावा म्हणून ते करणे व्यर्थ आहे.

दोन कार्बुरेटर रूढ होण्याचा नेमका काळ एका वर्षात बांधता येत नाही, कारण शर्यतीच्या आणि विक्रीच्या गाड्या वेगवेगळ्या वाटेने गेल्या. बीएमडब्ल्यूच्या १९२३ च्या आर ३२ या गाडीत एकच कार्बुरेटर होता, तर १९३६ च्या आर ५ मध्ये दोन आले. एडवर्ड टर्नर यांनी आराखडा केलेली ट्रायम्फ स्पीड ट्विन (१९३७) एका कार्बुरेटरवर चाले. १९५९ च्या हंगामासाठी आलेल्या टी १२० बॉनव्हिलला दोन अमल कार्बुरेटर होते. या बदलाचे कारण सरसकट 'अधिक शक्ती' असे दिले जाते. ते ट्रायम्फपुरते बरोबर वाटते. तिथे दोन्ही दट्टे (पिस्टन) एकत्र वर-खाली होतात, चूषणे (मिश्रण सिलिंडरात ओढले जाण्याच्या पाळ्या) ३६० अंशांच्या समान अंतराने होतात आणि एक कार्बुरेटर दोघांना नीट पुरवठा करू शकतो. समोरासमोर सिलिंडर असलेल्या इंजिनात चूषणाचे अंतर समानच असते, पण सिलिंडर दूर असल्याने लांब, थंड नळीत पेट्रोल भिंतींवर साचते. तेथे कार्बुरेटर सिलिंडराजवळ नेणे हेच मुख्य कारण असावे. होंडा सीबी ४५० (१९६५) मध्ये क्रँक (दट्ट्यांनी फिरणारा दंड) १८० अंशांचा आहे, म्हणजे एक दट्ट्या वर असताना दुसरा खाली असतो. एका सिलिंडराचे चूषण दुसऱ्यानंतर १८० अंशांनी, पुढचे ५४० अंशांनी होते. सामाईक नळीत असे झाल्यास दोघांचा वाटा समान राहणे अवघड, म्हणून येथे दोन कार्बुरेटरांना शक्तीपलीकडचाही आधार आहे.

समकालनापूर्वी टॅपेटची (झडपा उघडणाऱ्या भागांची) फट, प्रज्वलनाची वेळ, प्लग आणि फ्लोटची (कार्बुरेटरातील पेट्रोल राखणाऱ्या तरंगकाची) पातळी तपासून घ्यावी लागते. कार्बुरेटर व इंजिन यांमधल्या रबरी जोडाला तडा असेल, तर तिथून शिरणारी हवा निर्वात मोजणाऱ्या गेजवर थ्रॉटलच्या बिघाडासारखीच दिसते. निर्वातावर चालणाऱ्या कार्बुरेटरात फाटलेला डायफ्रॅमही (स्लाइड उचलणारा लवचीक पडदा) अशीच फसगत करतो. इंजिन पूर्ण तापलेले हवे.

जुळणीचे टप्पे कार्बुरेटरच्या रचनेवर ठरतात. सामाईक दांड्याने जोडलेल्या जोडीत मधला एक स्क्रू फिरवला की काम होते. प्रत्येकाला स्वतंत्र केबल असल्यास आधी थांब-स्क्रूंनी (थ्रॉटल किती बंद व्हावे हे ठरवणाऱ्या) आयडलिंग जुळवतात, मग थ्रॉटल थोडे उघडून केबलच्या समायोजकांनी उचल जुळवतात. केबलला मोकळीक उरलीच पाहिजे. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवताना गती वाढली, तर ती उरलेली नाही.

मापनासाठी पाऱ्याचे स्तंभ किंवा तबकडीचे व्हॅक्यूम गेज वापरतात. निर्मात्यानुसार १ ते ४ सेंमी. पाऱ्याइतका फरक चालतो. चूषणाच्या ठोक्यांनी काटा थरथरतो, म्हणून नळीत बारीक अडथळा बसवावा लागतो. याहून सूक्ष्म साधन म्हणजे इंजिन तेल भरलेली पारदर्शक यू-नळी. तिची दोन टोके दोन सिलिंडरांना जोडली की केवळ फरकच दिसतो: पाऱ्याचा १ सेंमी. फरक तेलात सुमारे १५ सेंमी. होतो. मात्र सुरुवातीची तफावत मोठी असल्यास तेल थेट इंजिनात ओढले जाते, म्हणून आधी हाताने ढोबळ जुळणी करून घेणे इष्ट. पारा विषारी असल्याने तेलाची नळीच अधिक पसंत करावी.

समान निर्वात म्हणजे समान शक्ती नव्हे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. झडपांची झीज किंवा दाब भिन्न असल्यास निर्वात सारखा असूनही काम असमान होते. यावर उपाय म्हणून एकेक सिलिंडर आळीपाळीने बंद करून गतीतील घट ताडतात. पण निकामी केलेली प्लग-तार इंजिनाच्या धातूशी (अर्थ) जोडली नाही, तर इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाच्या गाडीत कॉइल किंवा नियंत्रक जळू शकतो. सुस्थितीतील इंजिनाला निर्वात-मापन पुरेसे ठरते.

द्विघात (टू-स्ट्रोक) इंजिनात स्लाइडची उंचीच प्रमाण मानतात. एअर फिल्टर काढून दोन्ही कार्बुरेटरांच्या तोंडांत एकेक बोट घालावे आणि दुसऱ्याने थ्रॉटल अगदी हळू फिरवावे. आधी कोणती स्लाइड हलली ते बोटाला चटकन कळते. स्लाइडखाली सारख्या जाडीच्या ड्रिलचे दांडे सरकवूनही उंची पडताळतात. यामाहा आरडी ३५० सारख्या गाडीत त्याच केबलची एक शाखा तेलपंपाला जाते, म्हणून समकालनानंतर पंपाची खूण पुन्हा जुळवणे अनिवार्य आहे.

उभ्या गाडीचे हवाशीत इंजिन लवकर तापते. समोर पंखा ठेवावा, काम उघड्यावर करावे.

इंधन-अंतःक्षेपणाच्या दोन सिलिंडरी गाड्यांतही थ्रॉटल बॉडींची अशी जुळणी लागते. तेथे बहुधा आयडलिंगच्या बगलेच्या हवामार्गाचे स्क्रू फिरवतात. कारखान्यात रंग लावून बंद केलेला थांब-स्क्रू हलवत नाहीत.