ड्रेस शिवणाऱ्यांनी परफ्यूम का काढलं? घेण्याआधी एवढं वाचा

नमस्कार. दुकानात कुर्त्यांच्या शेजारी बाटल्या दिसायला लागल्यापासून बरेच जण विचारायलेत की तुम्ही कपड्याची माणसं, एकदम परफ्यूमकडं कशी काय वळलात. काउंटरवर गर्दीत सगळं नीट सांगता येत नाही आणि परफ्यूम ही घाईत घ्यायची वस्तूच नाही, म्हणून हे पत्रक, घरी निवांत वाचा.

कपडेवाल्यांनी परफ्यूम काढायचं हे तसं जुनंच आहे. पॅरिसच्या पॉल प्वारे या ड्रेस डिझायनरनं 1911 सालीच आपल्या मुलीच्या, रोझिनच्या नावानं परफ्यूमची कंपनी काढली होती, मग 1921 ला कोको शनेल या ड्रेस डिझायनरसाठी अर्नेस्ट बो यांनी बनवलेलं शनेल नंबर 5 आलं, आणि 1947 ला ख्रिस्तियन डिओरनं पहिलं कलेक्शन दाखवलं त्याच वर्षी मिस डिओर नावाचं परफ्यूम पण आणलं. तिथला हिशोब सरळ आहे, डिझायनरचा ड्रेस मोजक्याच बायकांना परवडतो, बाटली मात्र कितीतरी जणी घेऊ शकतात. आमचं कारण थोडं वेगळं आहे. लग्नाचा ब्लाउज ट्रायलला आला की पोरी हमखास विचारतात, ताई ह्याच्यावर कुठला सेंट चांगला वाटेल हो? आता सोलापुरात अत्तराची चांगली दुकानं आहेत, फाया कानात ठेवायची आवड पण जुनी आहे, पण हलकं, फुलांचं, शेजारी बसलेल्यालाच कळेल एवढंच असं काही हवं असलं की बहुतेक जणी वास न घेता नुसता फोटो बघून ऑनलाइन मागवतात आणि मग बाटली कपाटात पडून राहते. ते आम्हाला बघवत नव्हतं.

आमच्याकडं सध्या तीनच आहेत, गुलाब, मोगरा आणि निशिगंध. तिन्ही लायसन्स असलेल्या कारखान्यातून बनवून घेतलेत, दुकानात आम्ही काही मिसळत नाही. रोमँटिक, फेमिनिन म्हणतात ते मुख्यतः ह्या फुलांमुळंच, त्याला खाली चंदन, कस्तुरीसारख्या वासांचा मऊ आधार दिला की झालं. मोगरा हातावर मारून बघा, आधी संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी चुरचुरीत येतं आणि पाच-दहा मिनिटात उडून जातं, मग मोगरा उघडतो, तो दोन-तीन तास असतो, आणि संध्याकाळी मनगट नाकाशी नेलं तर फूल गेलेलं असतं, नुसता चंदनासारखा गोडसर वास राहतो. बहुतेक परफ्यूम असं टप्प्याटप्प्यानं उलगडतं. पहिल्या दोन मिनिटात आवडलं म्हणून लगेच पैसे देऊ नका असं आम्ही सांगतो ते ह्याच्यासाठी.

सगळं नैसर्गिक आहे का, हे पण विचारतात. नाही. एक किलो गुलाबाचं तेल काढायला साधारण 3 ते 4 हजार किलो पाकळ्या लागतात, त्या तेलाचा भाव लाखात जातो, मग पाच-सातशेच्या बाटलीत कुणी शंभर टक्के अस्सल गुलाब आहे म्हणत असेल तर हिशोब तुम्हीच करा. आमच्या गुलाबात खरं तेल थोडं आहे, बाकी लॅबमध्ये बनलेले सुगंधी घटक. त्यात कमीपणा काही नाही. पिओनी, लिली ऑफ द व्हॅली अशा फुलांचं तर विकण्याजोगं तेल निघतच नाही, त्यांचा वास मोठमोठ्या कंपन्याही घटक जुळवूनच तयार करतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आपलं ऊन. एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 वर जातो, अंग तापलेलं असतं, घाम असतो, त्यात वास भसकन उठतो आणि लवकर उडतो पण. गड्ड्याच्या जत्रेला जानेवारीच्या थंडीत तीन स्प्रे मारलेला निशिगंध छान वाटेल, तोच मे महिन्यात दुपारी मारला तर डोकं धरतं. उन्हाळ्यात दिवसा मोगरा, एकच स्प्रे, आंघोळीनंतर अंग कोरडं करून मारा. निशिगंध संध्याकाळच्या रिसेप्शनला ठेवा. आणि प्रत्येकीच्या अंगावर वास वेगळा येतो, मैत्रिणीला छान वाटलं म्हणून तुम्हालाही वाटेलच असं नाही. म्हणून आमचं म्हणणं एकच, कागदाच्या पट्टीवर ठरवू नका, टेस्टर हातावर मारा, नवी पेठेत बाकीची खरेदी करा, घरी जा, झोपताना परत वास घ्या, आवडला तर दुसऱ्या दिवशी या. त्या दिवशी घेतलंच पाहिजे असं आम्ही कुणाला म्हणणार नाही.

बाटलीवर ओ द पार्फम लिहिलंय, म्हणजे सुगंधी अर्क साधारण 15 ते 20 टक्के, बाकी मुख्यतः अल्कोहोल. ओ द टॉयलेट त्याहून हलकं असतं.

कपड्यांचं मात्र नीट ऐका, कारण ते आमचं रोजचं काम आहे. सिल्क, पैठणी, जरीकाठ ह्याच्यावर परफ्यूम कधीच मारू नका. सिल्कवर डाग बसतो, कच्चा रंग असेल तर अल्कोहोलनं उतरतो, जरीचे काठ काळे पडू शकतात, आणि असा डाग ड्रायक्लीनिंगला पण नेहमी निघतोच असं नाही. आधी परफ्यूम, दोन मिनिटं वाळू द्यायचं, मग साडी, मग दागिने, मोत्याचे असतील तर सगळ्यात शेवटी. पक्क्या रंगाच्या कॉटन ओढणीवर चालतं, तेही आतल्या बाजूनं, वीतभर लांबून, आणि आधी कोपऱ्यावर मारून बघून. मनगटं एकमेकांवर घासायची सवय असते बऱ्याच जणींना, ती सोडा, घासल्यानं वरचा नाजूक वास लवकर जातो.

त्वचा नाजूक असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. खाज किंवा लाली आली तर वापरू नका, आम्हाला पण कळवा. लहान मुलांना लावू नका. ह्यात अल्कोहोल आहे, देवघरात समईजवळ किंवा गॅसजवळ स्प्रे करू नका, गाडीत डॅशबोर्डवर उन्हात बाटली ठेवू नका. कपाटात, अंधारात, खोक्यातच ठेवा, जास्त टिकतं.

कुठूनही घ्या, पण बॅच नंबर, लायसन्स नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि एमआरपी छापलेली आहे का ते बघून घ्या. सील फोडलेली बाटली आम्हाला परत घेता येत नाही, म्हणून आधी छोटी टेस्टर कुपी घरी न्या, ती फ्री आहे, कपडे घेतले नाहीत तरी मिळते.