चालतोय की मी! मग व्यायाम कशाला?

गुडघा बदलल्यावर काही आठवड्यांत माणूस वॉकर सोडून काठीवर येतो, घरातल्या घरात फेऱ्या मारू लागतो, आणि फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायामाचा कागद हळूच औषधांच्या पिशवीत जातो. आमच्या वडिलांचं तेच झालं. रोजची पावलं मोजायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला आकडा ऐकवायचे. सहाव्या आठवड्यात फिजिओने त्यांना पलंगावर उताणं झोपवलं, पाय सरळ करायला सांगितलं आणि गुडघ्याखालून आपला तळहात आरपार सरकवून दाखवला. पाय सरळ होतच नव्हता.

सपाट जमिनीवर चालताना गुडघा साधारण ६० ते ७० अंश वाकतो. जिना उतरायला आणि खुर्चीतून उठायला ९० किंवा त्याहून थोडे जास्त अंश लागतात. म्हणजे तुम्ही दिवसभर चाललात तरी गुडघा त्या पुढच्या टप्प्यात जातच नाही. आणि जिथवर तो नेला जात नाही तिथे आखडतो, कारण जखम भरताना आत तयार होणारी घट्ट ऊती तुमच्यासाठी थांबून राहत नाही.

दुसरी गोष्ट ताकदीची. ऑपरेशन आणि सूज यांमुळे मांडीच्या पुढच्या स्नायूला मज्जासंस्थेकडून पुरता हुकूमच पोचत नाही. महिन्याभराने या स्नायूची ताकद ऑपरेशनआधीच्या निम्म्याहून खाली गेलेली असते, असं अनेक रुग्णांत दिसतं. तरी माणूस चालतो! शरीर भारी चलाख: कंबर उचलतं, भार दुसऱ्या पायावर टाकतं, गुडघा किंचित वाकलेलाच ठेवतं. चालण्यात हा कमकुवतपणा झाकला जातो. व्यायाम मात्र त्यालाच नेमका पकडतो. गुडघा गादीत दाबून मांडी आवळायची, पाच सेकंद धरायची, सोडायची. टाच गादीवर घासत स्वतःकडे ओढायची. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा मोकळा सोडायचा, म्हणजे तो आपल्याच वजनाने सरळ होतो. दिसायला अगदीच किरकोळ प्रकार, म्हणून तर टाळले जातात.

उशीचं सांगायलाच हवं. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, आणि तिथेच घोटाळा होतो: तासन् तास गुडघा वाकलेल्या स्थितीत राहतो. वडिलांची उशी कुठे होती हे वेगळं सांगायला नको.

मग चालणं फुकट का? मुळीच नाही. रक्ताच्या गुठळ्या टाळायला, तोल आणि दम परत यायला ते हवंच. पण उत्साहाच्या भरात जास्त झालं की संध्याकाळी गुडघा फुगतो, फुगलेला गुडघा दुसऱ्या दिवशी कमी वाकतो, आणि चालण्याने व्यायामाचीच कमाई खाल्लेली असते. आदल्या दिवसापेक्षा सूज वाढली तर फेऱ्या कमी करा, बर्फ लावा, पाय उंच ठेवा.

पोटरी अचानक दुखून सुजली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं, तर चालणंही नको नि व्यायामही नको, लगेच डॉक्टरांना कळवा.

साधारण तीन महिन्यांनंतर चित्र पालटतं. गुडघा नीट वाकतो-सरळ होतो, मांडीत जोर येतो, आणि मग चालणं हाच खरा व्यायाम होतो. जोडीला जागेवरची सायकल असू द्या. तिचा पेडल पूर्ण फिरायला साधारण ११० अंश लागतात, त्यामुळे गुडघ्याची प्रगतीही आपोआप कळते. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटलं की पोहणंही उत्तम. पळणं आणि उड्या मारणं सहसा टाळायला सांगतात, कारण सांध्यातला प्लॅस्टिकचा भाग झिजण्याची भीती असते. मांडीचे व्यायाम मात्र वर्षभर तरी सोडू नयेत असं माझं मत.

वडिलांचा कागद पिशवीतून निघून फ्रिजच्या दारावर चिकटला. उशी कपाटात गेली. तीनेक आठवड्यांनी फिजिओने पुन्हा गुडघ्याखाली तळहात घातला, तर बोटं अर्ध्यावरच अडली.