मॉसबाउअर वर्णपटविज्ञान आणि लोह ऑक्साइडांची घडण

गंज, माती आणि लोहखनिजे यांतील ऑक्साइडे कोणत्या टप्प्यांतून घडतात, हे लोहाच्या अणुकेंद्रावरून ओळखण्याची पद्धत. घन पदार्थात बांधलेले अणुकेंद्र मागे न रेटले जाता गॅमा किरण सोडू व शोषू शकते, हा शोध जर्मन भौतिकीविज्ञ रुडॉल्फ मॉसबाउअर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नैसर्गिक लोहात सुमारे २ टक्के असणारे लोह-५७ हे समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वस्तुमानाचा अणू) येथे उपयोगी पडते. कोबाल्ट-५७ चा, म्हणजे क्षय होऊन लोह-५७ चे गॅमा किरण देणारा, उद्गम सेकंदाला काही मिलिमीटर वेगाने मागेपुढे हलवला की डॉप्लर परिणामामुळे (उद्गमाच्या गतीने किरणांची वारंवारता बदलणे) गॅमा किरणांची ऊर्जा किंचित बदलते आणि नमुना ते कोणत्या वेगाला शोषतो ते नोंदता येते. जेथे शोषण होते तेथे वर्णपटात रेषा उमटतात. त्यांच्या जागेवरून फेरस (दोन इलेक्ट्रॉन गमावलेले) व फेरिक (तीन गमावलेले) लोह वेगळे ओळखू येते. चुंबकीय क्रम असलेल्या, म्हणजे अणूंच्या चुंबकीय दिशा शिस्तीत रचलेल्या, पदार्थात सहा रेषा दिसतात. सामान्य तापमानाला हेमॅटाइट या तांबड्या फेरिक ऑक्साइडातील लोहाच्या अणुकेंद्रावर सुमारे ५२ टेस्ला, तर सुस्फटिक गोएथाइट या पिवळसर ऑक्साइडातील अणुकेंद्रावर सुमारे ३८ टेस्ला (टेस्ला हे एकक) चुंबकीय क्षेत्र असते. कोकणातील जांभ्याला तांबडा-पिवळा रंग देणारी खनिजे हीच.

पद्धतीचे खरे बळ अर्धवट घडलेल्या पदार्थांत दिसते. फेरिक क्षारांच्या द्रावणात आम्लारी मिसळल्यावर प्रथम फेरिहायड्राइट हे पाणी धरून असलेले, अर्धवट रचनेचे फेरिक ऑक्साइड अवक्षेपित होते. उदासीन द्रावणात त्याच्या कणांतील पाणी निघून अणूंची फेरमांडणी होते व हेमॅटाइट बनते. तीव्र आम्लारी द्रावणात ते विरघळून गोएथाइट होते. फेरिहायड्राइटचे कण काही नॅनोमीटरचेच असल्याने क्ष-किरण विवर्तनात पसरट उंचवट्यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. त्यांची चुंबकीय दिशाही इतक्या वेगाने उलटते की सामान्य तापमानाला दोनच रेषा उरतात. द्रवरूप हीलियमच्या तापमानाला, ४.२ केल्व्हिनला, सहाही रेषा प्रकटतात.

लोहाचे दुसरे समस्थानिक, लोह-५६, या वर्णपटात दिसत नाही, आणि याचा फार सुंदर उपयोग झाला आहे. लोह-५६ चे ऑक्साइड फेरस लोह-५७ च्या द्रावणात ठेवले असता पृष्ठभागावर चिकटलेले लोह फेरिक झालेले आढळते. म्हणजे त्याचा इलेक्ट्रॉन ऑक्साइडात शिरतो. फेरस लोहाच्या सान्निध्यात फेरिहायड्राइटचे रूपांतर वेगाने का होते, याचा धागा येथे मिळतो.

एका वर्णपटाला अनेक तास, कधी दिवसही लागतात. म्हणून वेगवान अभिक्रियांचे नमुने ठरावीक क्षणी गोठवून मग मोजतात.