मोटारसायकलच्या सायलेन्सर व मागील दिव्यांतील फेरबदल

मोटारसायकलची धूर बाहेर टाकणारी नळी, सायलेन्सर, मागचा दिवा, इंडिकेटर आणि त्यांना धरून ठेवणारा मडगार्ड यांच्या जागी दुसरे भाग बसवणे किंवा मूळ भागांतच कापाकापी करणे. धूर बाहेर टाकण्याच्या या व्यवस्थेला (एक्झॉस्टला) परिभाषाकोशातला शब्द ‘निष्कास’ असा आहे. गॅरेजमध्ये मात्र एंजिनापासून निघणाऱ्या वाकड्या नळीला ‘बेंड पाईप’ आणि तिच्या पुढच्या डब्याला ‘सायलेन्सर’ म्हणतात, म्हणून येथे तेच शब्द वापरले आहेत. दोन्ही कामे बहुधा एकाच वेळी होतात. मागचा लांब मडगार्ड काढून गाडीची शेपटी आखूड केली की जुना सायलेन्सर बोजड दिसू लागतो, आणि सायलेन्सर आखूड केला की उघडा पडलेला मडगार्ड डोळ्यांत खुपतो.

उगम : सायलेन्सरचा जनक कोण, याबद्दल एकमत नाही. लोकप्रिय लेखनात हा मान बहुधा हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन अभियंत्याला दिला जातो. बंदुकीच्या सायलेन्सरचे त्याचे पेटंट १९०९ चे आहे आणि एंजिनांसाठीचे शामक (म्हणजे सायलेन्सर) त्याने त्याच विचारातून केले. परंतु इंडियाना राज्यातील कोलंबस येथील मिल्टन व मार्शल रीव्ह्‌ज या बंधूंना एंजिनाच्या शामकाचे अमेरिकन पेटंट १८९७ मध्येच मिळालेले होते. कालक्रम पाहता रीव्ह्‌ज बंधूंचे पारडे जड ठरते. धूर आधी एका मोठ्या पोकळीत फुगू द्यावा आणि मग सोडावा, ही कल्पना एका जागी बसवलेल्या गॅस एंजिनांवर त्याही आधीपासून वापरात असावी.

सायलेन्सर काढून टाकण्याची हौस जवळजवळ सायलेन्सरइतकीच जुनी आहे. सुरुवातीच्या अनेक गाड्यांत धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर जावा यासाठी झडप असे. चढावर ती उघडायची आणि गावात शिरताना बंद करायची, असा रिवाज होता. इंग्लंडमधील ब्रुकलँड्स ही शर्यतीची धावपट्टी १९०७ मध्ये सुरू झाली. आसपासच्या रहिवाशांच्या तक्रारी वाढल्यामुळे १९२० च्या दशकात तेथे ठरावीक मापाचा डबा प्रत्येक गाडीला सक्तीचा झाला. त्याचे माशाच्या शेपटीसारखे चपटे तोंड पुढे शोभेची वस्तू म्हणून रस्त्यावरच्या गाड्यांवर आले. आवाज कमी करण्यासाठी बनलेला आकार आवाज वाढवणाऱ्यांनी उचलावा, असे या विषयात पुन्हा पुन्हा घडले आहे.

दोन-स्ट्रोक एंजिनाच्या फुगीर नळीबद्दलचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. ती पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याच्या वाल्टर काडेन याने १९५० च्या दशकात शोधली, असे सरसकट लिहिले जाते. काही अभ्यासक तिचे मूळ लिंबाख या जर्मन अभियंत्याच्या १९३८ च्या कामात पाहतात, आणि एरिख वोल्फच्या डीकेडब्ल्यू शर्यतगाड्यांवर ती १९५१ च्या सुमारास होती, असेही दाखवले जाते. शोधाचे श्रेय वाटून द्यावे लागले, तरी नळीची लांबी, शंकूचे उतार व एंजिनाची छिद्रे यांचा एकत्र हिशेब मांडून तिला शर्यत जिंकण्याजोगी करण्याचे काम काडेनचेच, हे मत येथे ग्राह्य धरले आहे. त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला. त्याच्याबरोबर ही विद्या सुझुकीकडे गेली आणि पुढे सगळ्या जपानी कारखान्यांत पसरली. भारतात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून १९९६ पर्यंत बनलेल्या यामाहा आरएक्स १०० चा फुगीर सायलेन्सर याच घराण्यातला आहे.

भारतीय बुलेटवर चढणाऱ्या ‘गोल्डस्टार’ सायलेन्सरचे नाव बीएसए गोल्ड स्टार या ब्रिटिश गाडीवरून आले आहे. थ्रॉटल सोडल्यावर त्या गाडीतून चिवचिवाटासारखा आवाज निघे. आपल्याकडच्या प्रतींत बाहेरचा निमुळता आकार आला, आतली रचना बहुतेक वेळा आली नाही. महाराष्ट्रात याखेरीज इंदोरी, पंजाबी, डॉल्फिन, शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, मेगाफोन अशी नावे चालतात. ती आकारावरून किंवा गावावरून पडलेली आहेत. आत जाळी आहे, ग्लासवूल आहे की नुसती सरळ नळी, हे नावावरून कळत नाही, म्हणून विकत घेताना तोंडातून विजेरी मारून पाहावे.

सायलेन्सरचे काम : सायलेन्सर केवळ आवाज दाबतो, ही समजूत चुकीची आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची लाट नळीतून धावते आणि नळी रुंदावते त्या ठिकाणी उलट्या चिन्हाची, म्हणजे ढकलणारीची ओढणारी होऊन परतते. तापलेल्या धुरात तिचा वेग सेकंदाला साधारण ५०० मीटर असतो. नळी १ मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर तेवढ्या वेळात क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) १२० अंश फिरते. दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असताना ही ओढणारी लाट परत आली, तर उरलासुरला धूर बाहेर खेचला जातो व ताजे मिश्रण आत येते. तीच लाट अवेळी आली, तर धूर मागे ढकलला जातो. डबा कापला की हा मेळ तुटतो. आवाज वाढतो, पण मधल्या फेऱ्यांवरचा जोर बहुधा घटतो. रोजच्या रस्त्यावर गाडी नेमकी त्याच फेऱ्यांवर चालते. कानाला गाडी तापट वाटते आणि चढावर एक गिअर खाली उतरावा लागतो.

जुन्या ३५० सीसी बुलेटचा ‘डग-डग’ आवाज सायलेन्सरइतकाच एंजिनाच्या मापांतून येतो. ७० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ९० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची चाल), एकच सिलिंडर आणि दोन फेऱ्यांत एक स्फोट, अशी ही मांडणी आहे. मिनिटाला १,००० फेऱ्यांवर सेकंदाला जेमतेम आठ स्फोट होतात, म्हणून कानाला ते सुटे मोजता येतात. हा ठेका जपायचा असेल, तर आतली जाळी न काढता फेऱ्या नीट जुळवणे अधिक फलदायी ठरते.

कार्ब्युरेटरच्या गाडीत मोकळा सायलेन्सर बसवल्यावर मिश्रणात पेट्रोल कमी पडू शकते. नेहमीच्या वेगाने आठ-दहा किलोमीटर गाडी चालवून, एंजिन लगेच बंद करून प्लग काढावा. टोकाचा रंग कॉफीसारखा असेल तर ठीक, पांढरट असेल तर मेन जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारे छिद्र, एक आकडा मोठा घालावा, काळी काजळी असेल तर लहान. एका वेळी एकच आकडा बदलावा. पांढरट प्लगकडे दुर्लक्ष केल्यास एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते, आणि दोन-स्ट्रोकमध्ये पिस्टन चिकटतो.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (भारत स्टेज ६ हे धुराचे मानक पाळणाऱ्या) गाड्यांत प्रश्न वेगळा आहे. बेंड पाईपमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा या प्रमाणाजवळ राखतो आणि धुरातले विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याच प्रमाणावर काम करतो. कन्व्हर्टर कापून काढला, की धुरातले विष न थोपता बाहेर पडते. सेन्सरच्या आधी जोडात बारीक गळती असली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला पेट्रोल कमी असल्याचा भास होतो आणि संगणक विनाकारण जास्त पेट्रोल सोडतो.

‘फटाके’ काढण्याची रीत येथे सांगण्याचे कारण तिचे नुकसान सांगणे हेच आहे. चालत्या गाडीची ठिणगी किल-स्विचने (एंजिन बंद करायच्या बटणाने) तोडली, तरी कार्ब्युरेटरमधून मिश्रण येतच राहते आणि न जळता सायलेन्सरमध्ये साचते. स्विच पुन्हा चालू होताच ते तेथेच पेटते. त्यात डब्याची शिवण उसवते, जाळीचे टाके सुटतात, कन्व्हर्टरची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी वितळून धुराची वाटच बंद होते. हाच धमाका सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या लहान मुलाच्या कानाच्या उंचीवर होतो.

बसवण्याची रीत : एंजिन पूर्ण थंड असावे. सिलिंडरहेडच्या स्टडवरचे नट उष्णतेने धरलेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल सोडावे आणि नट थोडा सैल, थोडा घट्ट असा हलवत काढावा. सरळ जोर लावल्यास स्टड तुटतो आणि अर्ध्या तासाचे काम लेथवर जाते. जोडातली गळती रोखणारी जुनी गॅस्केट पुन्हा वापरू नये. तांब्याची कडी एकदा दबली की तिची दबण्याची क्षमता संपते. नवीन नळी आधी सर्व ठिकाणी सैल अडकवावी. मग क्रमाने हेडजवळचे नट आलटून-पालटून, नंतर मधला क्लॅम्प आणि शेवटी मागचा ब्रॅकेट आवळावा. एम६ नटाला साधारण १० आणि एम८ ला २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात. गाडीच्या पुस्तकातला आकडा वेगळा असेल, तर तोच पाळावा. ब्रॅकेट आधी आवळला तर नळी ताणाखाली राहते आणि काही महिन्यांत नेमकी वेल्डिंगजवळ तडकते.

चालू करण्यापूर्वी नळीवरचे बोटांचे तेलकट ठसे पुसावेत. एकदा तापले की ते क्रोममध्ये कायमचे उमटतात. एंजिन चालू करून सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडक्याचा बोळा क्षणभर धरावा. हेडजवळ ‘टिक-टिक’ ऐकू आली तर तेथे गळती आहे. मागे बसणाऱ्याच्या पोटरीपासून नळी किती दूर आहे, हे माणूस बसवूनच पाहावे.

आरएक्स १०० सारख्या गाडीत आवाज बसका झाला की सायलेन्सर बदलण्याची घाई होते. खरे कारण बहुतेकदा तेलकट काजळी असते. मागच्या टोकाचा बोल्ट काढला की आतली बारीक नळी बाहेर येते. ती कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून तारेच्या ब्रशने घासावी आणि परत बसवावी. हातमोजे घालावेत, आणि हे पाणी ॲल्युमिनियमच्या भागाला लागू देऊ नये.

मागील दिवे : मागच्या गाडीवाल्याशी मोटारसायकल दिव्यांनीच बोलते. मागच्या दिव्याचा नेहमीचा बल्ब १२ व्होल्ट, २१/५ वॅटचा असतो. ५ वॅटची तार रात्रीसाठी आणि २१ वॅटची ब्रेकसाठी. या दोहोंतला फरक हाच खरा संदेश आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत ब्रेकसह उजेड नुसत्या मागच्या दिव्याच्या निदान पाचपट असावा लागतो. स्वस्त एलईडी पट्टीत हा फरक दीडपट-दुप्पट एवढाच असतो, त्यामुळे ब्रेक दाबलेला उन्हात कळतच नाही. काळसर काच लावली तर उरलासुरला उजेडही जातो. लाल काचेखाली पांढरा एलईडी घातल्यास गुलाबी आणि मंद दिसतो, म्हणून तेथे लाल एलईडी हवा. मात्र त्याच दिव्याच्या खालच्या पारदर्शक खिडकीतून नंबरप्लेटवर पांढरा उजेड पडत असतो, आणि लाल एलईडीने प्लेट लाल दिसू लागते. अशा वेळी प्लेटसाठी स्वतंत्र पांढरा दिवा द्यावा.

इंडिकेटरचे १० वॅटचे बल्ब काढून एक-दीड वॅटचे एलईडी लावले की फ्लॅशर (दिवे लुकलुकवणारी डबी) वेड्यासारखा भराभर लुकलुकतो किंवा अजिबात चालत नाही, कारण जुना फ्लॅशर भारावर चालतो. सरळ उपाय म्हणजे एलईडीसाठीचा फ्लॅशर. रेझिस्टर लावायचाच असेल, तर प्रत्येक एलईडीला समांतर सुमारे १७ ओहमचा लागतो. त्यात १० वॅटच्या आसपास उष्णता तयार होते, म्हणून तो निदान २५ वॅट क्षमतेचा घेऊन लोखंडी भागाला आवळावा. टेप गुंडाळून प्लॅस्टिकखाली कोंबलेला रेझिस्टर वायरिंग वितळवतो.

याहून गोंधळात टाकणारा दोष म्हणजे डावे बटण दाबले की चारही दिवे लुकलुकणे. पुष्कळ गाड्यांत मीटरमधला खुणेचा बल्ब एकच असतो आणि तो डाव्या व उजव्या तारेच्या मध्ये टांगलेला असतो. पूर्वी डाव्या बाजूचा प्रवाह या बल्बातून उजवीकडच्या थंड, कमी रोधाच्या तारांतून अर्थला जाई, आणि एवढ्या प्रवाहाने १० वॅटची तार तापत नसे. एलईडी तेवढ्यावरही पेटतो. उपाय दोन रुपयांचा आहे. १एन४००७ जातीचे दोन डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे, एका टोकाला पट्टी असलेले भाग) घ्यावेत. एकाचे बिनपट्टीचे टोक डाव्या तारेला आणि दुसऱ्याचे उजव्या तारेला जोडावे. दोघांची पट्टीकडची टोके एकत्र करून खुणेच्या बल्बाला द्यावीत आणि बल्बाचे दुसरे टोक अर्थ करावे.

काही जुन्या गाड्यांत मागचा दिवा मॅग्नेटोच्या (एंजिनाने फिरणाऱ्या जनित्राच्या) एसी प्रवाहावर आणि ब्रेक व इंडिकेटर बॅटरीवर चालतात. एसीवर लावलेला साधा एलईडी थरथरतो आणि लवकर जळतो. तारेच्या रंगावर विसंबू नये, मल्टिमीटरने मोजावे. जुन्या येझ्दी, राजदूत यांसारख्या गाड्यांत ६ व्होल्टचे वायरिंग सापडते.

मडगार्ड काढताना साडीगार्डही निघतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि निम्म्याहून कमी नाही इतके मागचे चाक झाकणारे संरक्षण आवश्यक आहे. आपल्याकडे एका बाजूला पाय सोडून बसण्याची पद्धत अजून रूढ आहे. पदर किंवा ओढणी आऱ्यांत गेल्यावर वेळ क्षणाचीही मिळत नाही. या एका भागाशी खेळू नये.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याचा कडक अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि आवाज-प्रदूषणासाठी कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. निर्मितीच्या वेळची आवाजमर्यादा ८० सीसीपर्यंत ७५, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यावर ८० डेसिबल आहे. ती चालत्या गाडीची, ठरावीक अंतरावरून मोजलेली आहे. सायलेन्सरजवळ धरलेल्या मोबाइलवरच्या आकड्याशी तिची तुलना होत नाही. पीयूसी तपासणीत आवाज मोजला जात नाही, म्हणून पीयूसी आहे हा बचाव टिकत नाही. पुणे, नागपूर येथे जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवले आहेत.

दिव्यांबाबत मागचा लाल दिवा लांबून दिसावा, नंबरप्लेट १५ मीटरवरून वाचता यावी, आणि इंडिकेटर पिवळसर नारिंगी असून मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावा, असे नियम आहेत. दुचाकीच्या मागच्या उच्च सुरक्षा प्लेटचे माप २०० × १०० मिलिमीटर असते. ती एकदाच बसणाऱ्या स्नॅप-लॉकने जोडलेली असते, म्हणून मडगार्ड बदलायचा तर आधी तिची सोय पाहावी लागते.

काढलेला मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नये. तपासणीत गाडी मूळ रूपात दाखवावी लागली तर तोच उपयोगी पडतो. आतून तेलाचा हात फिरवून, दोन्ही तोंडांना कापडाचे बोळे घालून तो आडवा ठेवावा. बोळे घालायचे राहिले तर कुंभारीण माशी नळीत मातीचे घर करते, आणि ते पुढे एंजिन चालू होईना तेव्हाच लक्षात येते.