‘आरएनएची टेस्ट करतासा काय?’
मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दल आमच्या लॅबच्या ग्राहकांसाठी

मोबाइलवर आलेला व्हिडिओ काउंटरवर पुढे करून हल्ली बरेच जण विचारतात, ‘तुमच्यात ती आतड्याच्या कॅन्सरची आरएनए टेस्ट करतासा काय ओ?’ नाही, करत नाही. पण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, नंदगडहून बसने आलेल्या माणसाला नुसतं ‘नाही’ म्हणून परत पाठवणं बरं वाटत नाही. आमचे रिपोर्ट इंग्रजीत, दारावरची पाटी कन्नडमध्ये. समजावून सांगायची वेळ आली की मात्र मराठीच. म्हणून हे पत्रक.

मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. जुन्या पेशी मरून गळतात, खालून नव्या वर सरकतात. पेशीच्या अशा ठरवून मरण्याला १९७२ मध्ये ‘अ‍ॅपॉप्टोसिस’ हे नाव मिळालं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. खानापूरच्या जंगलात वारा नसतानाही सागाचं पान पडतं, कारण देठाशी झाडानंच तयारी करून ठेवलेली असते. पेशीचंही तसंच. कॅस्पेज नावाची विकरं तिला आतून कातरतात आणि तुकडे शेजारच्या पेशी गिळून टाकतात. कॅन्सरच्या पेशी हे मरणच चुकवतात.

आता आरएनए. डीएनएतल्या मजकुराची आरएनएवर नक्कल उतरते आणि तिच्यावरून पेशी प्रथिनं बनवते. मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम २२ अक्षरांची चिठ्ठी. तिच्यावरून प्रथिन बनत नाही. ती लांब नकलेला जाऊन चिकटते आणि ते काम थोपवते. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये ती एक मिलिमीटर लांबीच्या जंतात दाखवून दिली आणि २०२४ चं नोबेल त्यांना मिळालं.

या चिठ्ठ्यांपैकी मिर-३४ए बघा. डीएनएला इजा झाली की पी-५३ हे राखणदार प्रथिन मिर-३४ए तयार करवून घेतं. ही चिठ्ठी बीसीएल-२ कमी करते. बीसीएल-२ म्हणजे पेशीला मरू न देणारं प्रथिन. ते हटलं की बिघडलेली पेशी मुकाट मरते. आतड्याच्या बऱ्याच गाठींत मात्र मिर-३४एच्या जनुकालाच रासायनिक कुलूप लागलेलं सापडतं. मिर-२१ चं नेमकं उलटं. ती गाठींत वाढलेली असते आणि पेशीमृत्यूला हात देणाऱ्या पीडीसीडी-४ प्रथिनाला दाबून टाकते. दोघीही तेवढ्याच आखूड चिठ्ठ्या. एक पेशीला मरू देते, दुसरी वाचवते. तेव्हा ‘आरएनए वाढवा, कॅन्सर घालवा’ म्हणून कुणी पावडरीचा डबा विकायला आला, तर त्याला एवढंच विचारा: कुठला आरएनए?

मिर-३४ए बाहेरून देऊन पाहण्याचा प्रयत्न झाला होता. निरनिराळ्या कॅन्सरच्या रुग्णांवरची ती चाचणी प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली.

मग रक्तातला मायक्रोआरएनए निदान मोजता तरी येईल ना? मोजता येतो, पण इथे आमचा रोजचा अनुभव आडवा येतो. गेल्या उन्हाळ्यात बाहेरगावच्या एका केंद्रावरून रक्ताची नळी आली. बारीक सुईने जोर लावून ओढलेलं रक्त, त्यात दुपारभर उकाड्यात पडलेलं. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे रक्त गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, घालून काढलं तर वरचं पाणी (सीरम) पिवळसर यायचं ते गुलाबी. तांबड्या पेशी फुटलेल्या. या पेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ ठासून भरलेले असतात. ते सांडले की सगळी मोजणीच फसते. साध्या पोटॅशियमचाही आकडा अशा नळीत खोटा येतो. ते रक्त आम्ही पुन्हा काढायला सांगितलं. एवढ्या नाजूक तपासणीवर माणसाला ‘कॅन्सर आहे’ किंवा ‘नाही’ सांगायला आमची छाती होत नाही.

त्यापेक्षा शौचातलं लपलेलं रक्त तपासणं कितीतरी कामाचं. आपल्याकडे शौचातून रक्त गेलं की मूळव्याध ठरवून टाकतात आणि वर्षभर चूर्ण खातात. मूळव्याध असेलही. पण पोट साफ होण्याची सवय बदलली, वजन उतरलं, हिमोग्लोबिन कारण नसताना घसरलं किंवा घरात कुणाला हा आजार झाला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. आतड्यातल्या साध्या कोंबाचा (पॉलिपचा) कॅन्सर व्हायला बहुधा कित्येक वर्षं लागतात; तेवढ्यात दुर्बिणीने तो काढून टाकता येतो.

आमच्याकडची तपासणी ‘फिट’ पद्धतीची आहे, ती फक्त माणसाचं हिमोग्लोबिन ओळखते. त्यामुळे रविवारचं मटण बंद करायची गरज नाही. ते पथ्य जुन्या पद्धतीचं. नमुना पाण्यात किंवा लघवीत मिसळू देऊ नका. पाळी चालू असेल किंवा मूळव्याधीतून ताजं रक्त जात असेल, तर नमुना द्यायला थोडे दिवस थांबा. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे कॅन्सरच झाला असं नाही, पण मग कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, टाळू नका. निगेटिव्ह आला आणि त्रास चालूच राहिला, तरी डॉक्टरांकडे जाच.

डबी आदल्या दिवशी काउंटरवरून न्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नमुना घेतलात की तेव्हाच आणून द्या. गाडीच्या डिकीत ठेवून बाजार करत फिरू नका. उन्हात हिमोग्लोबिन विरतं आणि असलेलं रक्तही दिसत नाही.